आठव्या बुट्टीजवळची रेघ

अप्पा कुठलाही प्रश्न दोनदा विचारत. तिसऱ्यांदा कधीच नाही. भाजीवालीला विचारत, "अर्धा किलो हाय?" ती म्हणे, "हाय की अप्पा." मग थोडं थांबून पुन्हा, "अर्धा किलो हाय?" आणि ती दुसऱ्यांदा हो म्हणाली की खिशातून स्प्रिंगचा छोटा काटा काढून पिशवी त्याला अडकवत. माल कमी भरला तरी बोलत नसत. नुसता काटा तिच्या डोळ्यांसमोर धरत. एकतीस वर्षं त्यांनी वजनमाप खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले होते. निवृत्तीनंतर हे काम थांबवायचं असतं, असं त्यांना कुणी सांगितलं नसावं, किंवा एकदाच सांगितलं असावं.

मैलूरमध्ये सगळे त्यांना मापंवाले अप्पा म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. ते मला अक्का म्हणत, रागावले की पत्रकवाली.

पत्रकवाली हे खरंच होतं. मी मैलूरला शिकायला आले होते; माझे बाबा तिकडे हुलसूरला छापखान्यात खिळे जुळवत. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर घराची मान ताठ राहायची. आमच्याकडे पुस्तकांआधी पत्रकं आली. 'आई' लिहायच्या आधी मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' लिहायला शिकले. सहावीत असताना शाळेतल्या पाण्याच्या माठावर पहिलं पत्रक लिहिलं, आणि माठ बदलला. तेव्हापासून जगात जे काही वाकडं आहे ते एका पानात, दोन्ही बाजूंनी छापून, सरळ करता येतं अशी माझी समजूत झाली. अप्पा भेटेपर्यंत ती टिकली. अजूनही बरीच टिकून आहे.

मैलूरच्या सार्वजनिक बागेत नऊ खांब आले ते उन्हाळ्यात. प्रत्येक खांबावर कमरेच्या उंचीला लोखंडी जाळीची बुट्टी, म्हणजे टोपली, तिच्यावर एक गोल कडं आणि कड्यातून बुट्टीत लोंबणाऱ्या साखळ्या. कुठल्याशा योजनेतून आले, कंत्राटदाराच्या माणसांनी सिमेंट ओतून उभे केले आणि ती निघून गेली. सोबत प्लास्टिकच्या नऊ तबकड्यांचं खोकं राखणदाराच्या हाती दिलं. पुढचे दोन महिने ज्यानं त्यानं आपला अर्थ लावला. सकाळी फिरायला येणारे बुट्टीत पाण्याच्या बाटल्या ठेवत. भिंतीमागच्या वस्तीतल्या बायका भिंतीच्या भगदाडातून येत आणि साखळ्यांवर शेवया वाळत घालत. शेवयांची इतकी चांगली सोय सरकारनं त्याआधी कधी केली नव्हती. तिसऱ्या खांबाला एक शेळी बांधलेली असे. खांबांवर एक ते नऊ आकडे होते, त्यावरून बागेत प्लॉट पडणार अशी बातमी उठली. मी ती बातमी घेतली आणि लिहायला बसले.

फाटकाजवळ इंग्रजी फलक होता. ही कशाची मांडणी, खेळ कोणता, नियम काय, सगळं त्यावर होतं. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. नवशिक्यांसाठी, नऊ बुट्ट्यांचा छोटा डाव. तबकडी फेकायची, जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत बुट्टीत घालायची. पण तो फलक पूर्ण वाचला एकट्या अप्पांनी. ते सगळे फलक पूर्ण वाचत. दवाखान्यातले, बसमधले, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचे. वाचून झाल्यावर ते राखणदाराच्या खोलीवर गेले आणि तबकड्या मागितल्या. राखणदार त्यात जेवत होता.

"खोलगट हायती अप्पा. सार सांडत न्हाई."

"खेळायच्या हायती."

"जेवून देतो की."

अप्पांनी तबकड्या घरी नेल्या, शिकेकाईनं धुतल्या आणि एकेक काट्याला लावून बघितली. मागे छापलेलं वजन आणि भरलेलं वजन जुळेना. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं लिहिलं. मग प्रत्येक तबकडीवर पेननं खरं वजन लिहून टाकलं. त्यांची लाडकी तबकडी तांबडी होती. तिच्यावर लिहिलं होतं: एकशे एकाहत्तर ग्रॅम.

माझं पत्रक त्याच आठवड्यात छापून आलं. 'साखळ्या कुणाच्या हितासाठी?' फाटकाशी उभी राहून मी ते वाटत होते. अप्पांनी एक घेतलं, चार घड्या घातल्या आणि काट्याच्या आकड्याला अडकवलं.

"काटा हलंना की अक्का."

त्यांनी घड्या उलगडून वाचलं.

"तीनशे झाडं तोडली म्हनतीस?"

"तोडली."

"तीनशे?"

"लोकं म्हणायलेत."

"लोकांला काट्यावर उभं करू का?"

मग त्यांनी मला सगळी बाग हिंडवली. एक ते नऊ, प्रत्येक खांबाभोवती. एक सुबाभूळ तोडलेली निघाली, आणि तीही वाळलेली होती असं राखणदारानं शपथेवर सांगितलं. उरलेली पत्रकं पिशवीत घालून मी निघणार, इतक्यात अप्पांनी माझ्या हातात तबकडी दिली. मी फेकली. ती शेळीला लागली. अप्पांनी आपली फेकली, ती बरीच पुढे गेली. मी बाजूला सरले, आता त्यांनी खेळावं म्हणून.

"तू फेक," ते म्हणाले. "जो लांब त्याची पाळी आधी."

"असं कुणी ठरवलं?"

"फलकावर हाय."

मी परत जाऊन फलक वाचला. खरंच होतं. बुट्टीपासून जो सगळ्यात लांब राहिला, त्यानं आधी फेकायचं. ज्या एका वाक्यासाठी आमच्या घरात आजोबांपासून छपाई चालली होती, ते कुणा परक्या मुलखातल्या खेळाच्या नियमांत, आमच्याच मैलूरमध्ये, फाटकाजवळ लिहून ठेवलेलं होतं. त्यावर कुणीतरी पान खाऊन थुंकलंही होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खेळायला जाऊ लागले. बाबांना फोनवर सांगितलं, अभ्यास चालू आहे.

या खेळात पंच नसतो. अप्पांना सगळ्यात मोठं नवल याचंच वाटे. पाय पुढे पडला, तबकडी हद्दीबाहेर गेली, तर ज्याचं त्यानं सांगायचं आणि स्वतःच्या नावावर एक फेक वाढवून घ्यायची.

"आणि नाही सांगितलं तर?" मी विचारलं.

"मला बी तेच कळंना," अप्पा म्हणाले. "एकतीस वर्षं लोकांवर संशय घ्यायचा पगार खाल्लो अक्का. आता फुकटात विश्वास ठिवून बघायलोय. जमंल का न्हाई काय म्हाईत."

डाव झाला की ते जुन्या पोस्टकार्डाच्या तुकड्यावर फेकी मांडत आणि खाली अंगठ्याच्या नखानं एक चंद्रकोर उमटवत. नोकरीत वजन बरोबर निघालं की त्यावर ठोकायचा शिक्का असे, तो निवृत्तीला जमा करावा लागला होता. नख जमा करा असं कुणी म्हटलं नव्हतं.

हळूहळू वस्तीतल्या बायका खेळायला लागल्या. सुमनअक्का सगळ्यात तरबेज. ती बागेपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. भगदाडातून यायची, जाता जाता एक फेक मारायची आणि कामावर जायची. भाकरी थापून तिचं मनगट असं तयार झालं होतं की तबकडी जमिनीला समांतर जायची. अप्पा तिचा हात बघून म्हणत, "ह्याला शिकवायला काय राहिलंय?"

आणि मग मंडळ जागं झालं. मंडळ म्हणजे सकाळी फिरायला येणाऱ्या प्रतिष्ठितांचं. अध्यक्ष सावकार, आडत दुकानवाले. त्यांनाही खेळाचा नाद लागला होता. हैदराबादहून चार रंगांच्या तबकड्या आणि पांढरे बूट आले होते. त्यांच्या दुकानातला मोठा काटा माप खोटं निघालं म्हणून अप्पांनी कधीकाळी सील केला होता, हे अप्पा सोडून सगळे सांगत. मंडळाचं म्हणणं होतं, बागेत शिस्त हवी. भगदाड बुजवायचं, फाटकावर कार्ड बघून सोडायचं, आणि कार्ड मंडळानं द्यायचं. विटा आणून भगदाडाशी रचल्यासुद्धा. सुमनअक्काला वसतिगृहात जायला मोठ्या रस्त्यानं तासाभराचा फेरा पडणार होता.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'जो लांब, त्याची पाळी आधी.' अप्पांनी ते काट्याला लावलं आणि डोळे बारीक केले.

"हललं वाटतं थोडं," म्हणाले. मला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र ते.

सावकारांनी ते पत्रक भर बागेत, वीसेक माणसांसमोर वाचलं. "पत्रकानं काय होतंय अक्का? खेळून दाखवा की. तुमी आन अप्पा, आमी दोघं. नऊ बुट्ट्या. हरलाव तर भगदाड बुजवायचं. जिंकलाव तर तिथं दार बसवतो, माझ्याकडून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे फिरायची सोय त्यांना राहिली नाही, आम्हालाही नाही.

रविवारी सकाळी सामना झाला. जोडीला एकच तबकडी, आळीपाळीनं फेकायची. आमची ती तांबडी. सावकारांच्या जोडीला मंडळाचे सचिव होते, ते प्रत्येक फेकीआधी वारा बघायला गवताची काडी उडवत. सुमनअक्का भगदाडापाशी विटांच्या ढिगावर जाऊन बसली.

"नीट खेळा," ती म्हणाली. "हरलाव तर ह्याच विटा डोळ्यांदेखत लावतील."

सातव्या बुट्टीपर्यंत दोन्ही जोड्यांच्या फेकी सारख्या झाल्या. आठवी बुट्टी भिंतीजवळ आहे. पाळी माझी होती. मी फेकली, तबकडी डावीकडे वळत गेली आणि विटांच्या ढिगामागे दिसेनाशी झाली. अप्पांचे गुडघे दुखत, ते सावकाश येत होते. सावकार आणि सचिव आपली तबकडी झुडपात शोधत होते. मी धावत पुढे गेले.

तबकडी भगदाडातून बाहेर गेली होती. फार नाही, हातभर. भिंत ही हद्द. बाहेर म्हणजे एक फेक वाढली.

ज्या भगदाडासाठी मी दोन्ही बाजूंनी छापून लढत होते, त्याच भगदाडानं मला दगा दिला होता. मी पाय बाहेर टाकला आणि तबकडी चपलेनं आत ओढली. सुमनअक्कानं बघितलं. मग पदर झटकून ती दुसरीकडे बघायला लागली.

अप्पा आले.

"इथंच पडली?"

"इथंच."

आमची माती तांबडी, मुरमाड. भगदाडाच्या बाहेरून तबकडीपर्यंत दोन बोटं रुंदीची ताजी रेघ होती. अप्पा तिच्याकडे बघत होते.

"इथंच पडली?"

"व्हय अप्पा."

तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी तबकडी उचलली, तिच्या जागेमागे पाय ठेवला. तो पाय बरोबर रेघेवर पडला. मग फेकली. तेवढ्या लांबून अप्पांची फेक कधी बुट्टीत गेली नव्हती. त्या दिवशी गेली. साखळ्या अशा वाजल्या की झुडपातून सावकारांनी मान वर काढली.

नवव्या बुट्टीअखेर आमच्या चौतीस, त्यांच्या पस्तीस. एका फेकीनं आम्ही जिंकलो.

सुमनअक्कानं शेवयांची खीर केली. सावकार शब्दाला जागले, पंधरा दिवसांत भगदाडाच्या जागी लोखंडी दार बसलं. दारावर त्यांच्या औदार्याचा फलक, दाराच्या निम्म्या आकाराचा. वर्तमानपत्रात फोटो आला. मी बाबांना फोन केला, तर त्यांनी फोटोखालची ओळ मला वाचायला लावली.

सामन्याचं कार्ड मला आठवण म्हणून हवं होतं. अप्पांनी खिशातून काढून दाखवलं. खाली चंद्रकोर नव्हती.

"अप्पा, शिक्का?"

"नख वाढलं न्हाई अजून," ते म्हणाले आणि कार्ड परत खिशात घातलं.

त्यानंतर ते माझ्याशी खेळले नाहीत. रागावलेही नाहीत. सकाळी येत, "बरी हाइस का अक्का" विचारत, दोनदा, आणि एकटेच डाव मांडत. एकदा मी त्यांचं कार्ड बघितलं. आठव्या बुट्टीला त्यांनी माझ्यासमोर तीन फेकी घेतल्या होत्या. कार्डावर चार होत्या. मागची कार्डंही बघितली. सगळीकडे आठव्याला एक जास्त.

तेव्हा मी भांडले. मला भांडता येतं, लहानपणापासून तेच केलंय. म्हटलं, ज्यांच्याकडे आडत आहे, बूट आहेत, विटा आहेत, त्यांच्याशी हातभर तबकडी ओढून जिंकलं तर काय बिघडलं? सुमनअक्काचा तासाभराचा फेरा वाचला, तो कुठं लिहिलाय तुमच्या कार्डावर? नियम नेहमी आम्हीच पाळायचे का? फार छान बोलले मी. छापलं असतं तर दोन बाजू भरल्या असत्या.

अप्पांनी सगळं ऐकलं. "भगदाड लोकांचं," म्हणाले. "रेघ तुझी. दोन्ही एका पारड्यात कामून घालायलीस?"

"मग त्याच वेळी का नाही बोललात?"

"दोनदा विचारलो की." आपल्या पायाकडे बोट दाखवलं. "आन मी बी तिथूनच फेकलो. पाय रेघेवर ठिवून. माझं बी त्यात हाय."

मी सावकारांच्या दुकानात गेले. ते गादीवर बसून तुरीचा नमुना तळहातावर बघत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तबकडी बाहेर होती, मी आत ओढली, एक फेक आमच्यावर चढते, तुमची आमची बरोबरी झाली. बोलताना मनात दार उखडलं जात होतं.

सावकारांनी तूर परत पोत्यात टाकली. आजूबाजूला बघितलं.

"आनि कुणाला सांगितलाव का?"

"नाही."

"सांगू बी नका. फलक लागलाय. फोटो आलाय. पुढं वॉर्डाची निवडणूक हाय, वस्तीतली मतं हायती. आता मी न हरून काय करू?"

"पण आम्ही जिंकलो नाही."

"जिंकलाव, अक्का. मी सांगायलोय न्हवं? चहा घ्या."

आयुष्यातली माझी पहिली कबुली, आणि ती स्वीकारायला गिऱ्हाईक नव्हतं.

अप्पा पहिल्या बुट्टीजवळच्या बाकावर होते.

"सांगितलीस?"

"सांगितलं."

"सांगितलीस?"

"व्हय अप्पा."

त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. चौतिसावर काट मारून पस्तीस लिहिले, आणि खाली नख दाबलं. चंद्रकोर नीट उमटली. मला मोकळं वाटलं. यावर काहीतरी लिहिता येईल असंही वाटलं.

"आता सामना पुरा करायला पायजे," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"बरोबरी हाय. फलकावर लिवलंय. बरोबरी झाली तर पहिल्या बुट्टीपासून पुन्हा, एकजण पुढं जाईस्तोवर."

"आणि हरलो तर?"

"तर हरलो."

"आणि दार?"

अप्पांनी काटा खिशातून काढला, रिकामाच बघितला, परत ठेवला. "दार त्यांनी लावलंय. काढायचं का न्हाई, ते त्यांच्या पारड्यात."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा सकाळी सहाला पहिल्या बुट्टीजवळ तांबडी तबकडी घेऊन उभे राहू लागले. पहिली बुट्टी फाटकाला लागून आहे. आत येणाऱ्याला चुकवता येत नाही. सावकार पहिल्या दिवशी फोन कानाला लावून गेले, दुसऱ्या दिवशी चपळाईनं गेले. तिसऱ्या दिवसापासून फाटकातून येणंच सोडलं. वस्तीला वळसा घालून, गटारावरच्या फरशीवरून पांढरे बूट सांभाळत, ते स्वतः बसवलेल्या दारातून बागेत येऊ लागले. सुमनअक्का म्हणाली, "सावकार रोज आमच्या दारावरनं जायलेत. पोरं नमस्कार घालायलेत."

अप्पा वर्षभर उभे राहिले. मग गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा मुलगी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली. बसस्टँडवर त्यांनी मला तांबडी तबकडी दिली आणि ते कार्ड दिलं. काटा दिला नाही.

"सामना अपुरा हाय," म्हणाले. खिडकीतून पुन्हा म्हणाले, "अपुरा हाय."

आता सहाला मी उभी असते. सावकार निवडून आले, पण वस्तीतल्याच वाटेनं येतात, आणि मला लांबून बघितलं की नवव्या बुट्टीकडे वळतात. सुमनअक्का दारातून येते, कामाच्या घाईत असते.

"आज तरी?" ती विचारते.

"नाही."

"बरं हाय," ती म्हणते आणि पुढे जाते.

सावकार आले तर मी हरूही शकते, माझी फेक अजून डावीकडे जाते. ते येऊ नयेत असं मला रोज वाटतं. आणि रोज मी उभी असते.